टाळी कुणाच्या खात्यावर?

१९३२ च्या डिसेंबरात बर्लिनच्या सरकारी नाट्यगृहात ग्योथेचं 'फाउस्ट' लागलं आणि त्यात मेफिस्टोचं काम करणारा गुस्टाफ ग्रुंडगेन्स गाजला. त्याच्या मेफिस्टोचे फोटो आजही पाहायला मिळतात. पांढराफटक चेहरा, कपाळाकडे ताणून नेलेल्या भुवया, लालभडक ओठ. पुढच्याच महिन्यात, ३० जानेवारी १९३३ ला, हिटलर चॅन्सलर झाला. १९३४ मध्ये प्रशियाचा मुख्यमंत्री हेरमान गोरिंग यानं त्याच नाट्यगृहाची सूत्रं ग्रुंडगेन्सच्या हाती दिली. आणि १९३६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या क्वेरिडो प्रकाशनानं एक जर्मन कादंबरी काढली, 'मेफिस्टो'. तिचा नायक हेन्ड्रिक ह्योफगेन हा हुशार, महत्त्वाकांक्षी नट सत्तेच्या मांडीवर जाऊन बसतो. हा कोण, हे बर्लिनच्या नाटकवेड्या माणसाला सांगावं लागत नव्हतं. लेखक होता क्लाउस मान, म्हणजे थॉमस मानचा मुलगा. त्याची बहीण एरिका हिच्याशी ग्रुंडगेन्सचं १९२६ मध्ये लग्न झालं होतं आणि १९२९ मध्ये ते मोडलंही होतं. पुढे १९८१ मध्ये हंगेरीच्या इश्तवान साबो यानं याच कादंबरीवर चित्रपट केला. त्याला ऑस्कर मिळालं आणि ह्योफगेन जगभर पोचला.

ग्योथेचा मेफिस्टो विंदा करंदीकरांच्या अनुवादामुळे मराठीत कधीच येऊन बसला आहे. त्याचं सोंग घेणाऱ्या या माणसावर मी सध्या दोन अंकी नाटक लिहितो आहे. पहिला खर्डा दोघांना वाचून दाखवला. वसंतकाकांचा उभा जन्म व्यावसायिक रंगभूमीवर गेला. मला जे काही नाटक कळतं ते त्यांच्या तालमींत बसून कळलं. त्यांची पुतणी अनघा कायदा शिकवते. वाचन संपल्यावर जे बोलणं झालं ते खाली दिलं आहे. माझं मत कुठे कुणाकडे झुकलं तेही मधून मधून सांगतो, कारण या विषयात तटस्थ राहणं मला जमत नाही आणि जमू नये असंही वाटतं.

काका : तुझा नट पहिल्या प्रवेशापासून हलकट आहे. असं नाटक पडतं रे. प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत ठरवतो, हा वाईट आणि मी चांगला, आणि मग निवांत वडा खायला मोकळा.

अनघा : पण काका, माणूस हलकट वागला असेल तर तसा दाखवायला हरकत काय?

काका : अगं, नट असा एका दिवसात विकला जात नाही. हॅम्बुर्गला पाच वर्षं राबलेला माणूस तो. पुढे बर्लिनला दिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या हाताखाली आला. फ्रिट्झ लांगच्या 'एम' चित्रपटात तिजोरीफोड्यांचा म्होरक्या केला. तेहतिशीत मेफिस्टो मिळाला. आयुष्यभर ज्या एन्ट्रीची वाट बघितली ती मिळाली आणि नेमकं तेव्हाच राज्य बदललं. आता तो विंगेत उभा आहे. बाहेर हजार माणसं बसलीत. त्यानं काय करावं? मेकअप पुसून स्टेशनवर जावं?

अनघा : काही जण गेले की. फ्रिट्झ कोर्टनर गेला, एलिझाबेथ बेर्गनर गेली, पीटर लोरं गेला. कोनराड फाइट गेला.

काका : गेले, आणि त्यांचं काय झालं तेही बघ. कोर्टनर बर्लिनचा केवढा मोठा नट! अमेरिकेत त्याला त्याच्या तोलाचं काम मिळालं नाही. फाइट हॉलिवुडमध्ये नाझी अधिकारी रंगवत राहिला, 'कॅसाब्लांका'तला मेजर तोच. ज्यांच्यापासून पळाला त्यांचेच गणवेश चढवून उभा! लेखकाचं वेगळं असतं. क्लाउस मान अ‍ॅमस्टरडॅमला बसून लिहू शकला, पुढे इंग्रजीतही लिहू लागला. लिहिलेलं कपाटात ठेवता येतं, वीस वर्षांनी छापता येतं. नटाचं काम कपाटात ठेवता येत नाही. त्याची भाषा, त्याचा आवाज, समोरचा त्याच्याच भाषेत हसणारा माणूस, यातलं एक काढलं की तो संपला.

अनघा : काका, तुम्ही सगळे एकाच पंगतीत बसवताय. कोर्टनर, बेर्गनर, लोरं हे ज्यू होते. राहावं की जावं हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नाही. १९३३ मध्येच नाट्यकलावंतांची सरकारी संस्था उभी राहिली, तिच्यात नाव नसेल तर रंगमंचावर पाय ठेवता येत नव्हता आणि वंश 'शुद्ध' नसेल तर नाव लागत नव्हतं. म्हणजे ग्रुंडगेन्सपुढे जो धर्मसंकटाचा प्रसंग आला, तो येण्यासाठी आधी योग्य आईबापांच्या पोटी जन्म घ्यावा लागत होता. आपण त्याच्या मनाची तगमग दोन अंक बघणार, आणि ज्यांना तगमग करायलाही वेळ मिळाला नाही ते नेपथ्यात.

(इथे मी लिहून घेतलं. माझ्या खर्ड्यात ज्यू नटांचं जाणं एका वाक्यात उरकलं होतं. ते तसं चालणार नाही.)

काका : मान्य. पण मग फाइट ज्यू नव्हता, त्याची बायको होती. तो गेला. आल्बर्ट बासरमानचंही तेच. म्हातारा, जर्मन रंगभूमीचा मुकुटमणी. बायको एल्झ ज्यू. तिला रंगमंचबंदी म्हटल्यावर तो म्हणाला, मग मीही नाही. सत्तरी ओलांडल्यावर अमेरिकेत गेला. इंग्रजी येत नव्हतं, वाक्यं नुसती कानानं पाठ केली आणि हिचकॉकच्या 'फॉरेन कॉरस्पॉन्डंट'मध्ये असं काम केलं की ऑस्करचं नामांकन मिळालं. मी त्याला साष्टांग नमस्कार घालतो. पण सगळ्यांनी बासरमान व्हावं अशी अट घालायची का?

अनघा : अट नाही घालत. हान्स ऑटोबद्दल बोलू या का?

काका : बोल.

अनघा : हान्स ऑटो ग्रुंडगेन्सच्याच वयाचा. हॅम्बुर्गला दोघं एकाच कंपनीत होते, बर्लिनलाही एकाच नाट्यगृहात. देखणा, तरुण नायकांच्या भूमिका करणारा. कम्युनिस्ट, नटांच्या संघटनेत काम करणारा. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं. तो पळाला नाही, लपून काम करत राहिला. नोव्हेंबरात पकडला, बेदम मारलं, मग खिडकीतून खाली टाकलं. २४ नोव्हेंबर १९३३ ला रुग्णालयात त्यानं प्राण सोडला. आत्महत्या केली असं सरकारनं सांगितलं. त्याचं वय तेहतीस. आणि काही महिन्यांत ग्रुंडगेन्स त्याच नाट्यगृहाचा प्रमुख झाला. ज्या फळीवरून मित्राला हाकललं त्याच फळीचा मालक!

काका : त्याच्या अंत्यविधीचा खर्च ग्रुंडगेन्सनं केला असं सांगतात.

अनघा : सांगतात. केला असेल. वाईट माणूस नव्हताच तो. मला त्याचा राग वाईटपणाबद्दल नाहीच आहे.

काका : मग कशाबद्दल?

अनघा : मारणाऱ्यांकडून पगार घेऊन मेलेल्याचा खर्च करण्याबद्दल.

काका : थांब. आता माझं ऐक. हॅम्बुर्गला ज्यानं ग्रुंडगेन्सला उभं केलं तो एरिश त्सीगल. त्याची बायको मिरियम हॉर्विट्झ ज्यू. जर्मनीत त्सीगलला कोण विचारणार? ग्रुंडगेन्सनं त्याला बर्लिनला आपल्याकडे ओढून घेतलं. बाई वाचल्या. पाउल हेंकेल्स, त्यांच्या हिशेबानं 'अर्धा ज्यू', तोही त्याच्या कंपनीत टिकला. आणि एर्न्स्ट बुश! कामगारांचा गाणारा नट, स्पेनच्या यादवीत जाऊन गायलेला. फ्रान्समध्ये धरून गेस्टापोच्या हाती दिला. राजद्रोहाची तयारी केली हा आरोप, म्हणजे फाशीच. ग्रुंडगेन्सनं वकील दिले. त्यांनी काय मांडलं ठाऊक आहे? तुझ्याच विषयातलं आहे.

अनघा : ठाऊक आहे. बुशचं जर्मन नागरिकत्व सरकारनंच १९३७ मध्ये काढून घेतलं होतं. जो नागरिकच नाही तो स्वतःच्या देशाशी द्रोह कसा करणार? सुंदर युक्तिवाद आहे. त्यांचाच कायदा त्यांच्या गळ्यात. चार वर्षांच्या शिक्षेवर सुटला.

काका : आणि युद्ध संपल्यावर रशियनांनी ग्रुंडगेन्सला पकडून छावणीत टाकलं, नऊ महिने ठेवलं, तेव्हा त्याला सोडा म्हणून धडपडणाऱ्यांत हाच बुश होता. कम्युनिस्ट बुश! तुझा निकाल मोठा की त्याचा?

अनघा : त्याचा. त्याला तो हक्क आहे. पण काका, रॉबर्ट डोर्से नावाचा एक विनोदी नट होता. हिटलरवरचा विनोद आणि राजवटीबद्दलची चीड खासगीत बोलल्या-लिहिल्याबद्दल त्याला ऑक्टोबर १९४३ मध्ये बर्लिनच्या तुरुंगात मारलं. बुश कैदेत होता त्याच वर्षी, त्याच शहरात. त्याच्या मागे कुणी गोरिंगचा लाडका उभा नव्हता. बुश वाचला आणि डोर्से मेला यात कायद्याचा काही संबंध नाही. ज्याची ओळख त्याचा जीव, असा हिशेब झाला. ग्रुंडगेन्सनं वाचवलेला प्रत्येक माणूस गोरिंगनं केलेली मेहेरबानी होती, आणि मेहेरबानी करणाऱ्याला काहीतरी परत द्यावं लागतं. ग्रुंडगेन्सकडे द्यायला एकच गोष्ट होती, त्याचा अभिनय. तो जितकी माणसं वाचवेल तितकं त्याला गोरिंगसाठी अधिक चांगलं नाटक करावं लागणार.

माझं मत इथे ठाम झालं. ग्रुंडगेन्सची दयाबुद्धी खरी होती. ती नाकारणारा क्लाउस मान मला अपुरा वाटतो. पण ती दया ज्या तिजोरीतून खर्च होत होती ती गोरिंगची होती, आणि त्या तिजोरीत भर टाकायचं काम ग्रुंडगेन्स रोज रात्री पडदा उघडून करत होता. दोन्ही गोष्टी एकाच खातेवहीत, एकाच पानावर. पान फाडून अर्धं ठेवता येत नाही. मी हे बोलून दाखवलं.

काका : लेखक बोलले! पण तुम्ही दोघं एक विसरताय. भीती. तो पुरुषांवर प्रेम करणारा माणूस होता, बर्लिनच्या नाटकवर्तुळात हे उघड गुपित. १९३५ मध्ये त्याविरुद्धचं कलम १७५ आणखी कडक केलं. लोक छावण्यांत जात होते. प्रचारमंत्री गोबेल्सचा त्याच्यावर डोळा होता. गोबेल्स आणि गोरिंगचं हाडवैर, सगळ्या रंगभूमीवर गोबेल्सचा अंमल पण प्रशियाची सरकारी नाट्यगृहं गोरिंगच्या कबजात. हा त्या दोघांच्या मधल्या फटीत जगत होता. १९३६ मध्ये त्याचा हॅम्लेट चालला होता, तर पक्षाच्या मुखपत्रात त्यावर विखारी लेख आला. त्या लेखाचा अर्थ त्याला बरोबर कळला. उठला आणि स्वित्झर्लंडला, बासेलला गेला.

अनघा : आणि परत आला.

काका : गोरिंगनं जिवाची हमी दिली म्हणून.

अनघा : हमी दिली आणि प्रशियाचा राजसल्लागार केलं. म्हणजे गोरिंगच्या परवानगीशिवाय त्याला कुणी हात लावणं अवघड. त्याच वर्षी मारियाने होप्पं या नटीशी लग्नही केलं. काका, माझ्या मते सगळा खटला बासेलच्या त्या काही दिवसांवर उभा आहे. तुम्ही म्हणालात, नटाला भाषा सोडता येत नाही. बासेलमध्ये कोणती भाषा बोलतात?

काका : जर्मनच. थोडी वेगळी.

अनघा : आणि तासा-दीड तासावर झुरिक. तिथल्या शाउस्पीलहाउसमध्ये तेव्हा हाकललेले, पळालेले जर्मन नट जर्मनमध्येच नाटक करत होते. एर्न्स्ट गिन्सबेर्ग होता. वोल्फगांग लांगहोफ होता, छावणीतून सुटून आलेला. तो पकडला जाण्याआधी ड्युसेलडॉर्फला काम करायचा, म्हणजे ग्रुंडगेन्सच्याच जन्मगावी. भाषा होती, रंगमंच होता, समोर तेच नाटक समजणारा प्रेक्षक होता. नव्हतं ते एवढंच, की सरकारी नाट्यगृह नव्हतं, अधिकार नव्हते, पैसा नव्हता, तुम्हीच सर्वेसर्वा असा दरारा नव्हता. हातात पासपोर्ट आणि सीमेच्या बाहेर पाय असताना तो परत गेला. याला भीती म्हणू नका. भित्रा माणूस बासेलला थांबला असता.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं.

काका : तुला सांगतो, मोठ्या रंगमंचाची सवय लागली ना, की लहान रंगमंचावर मरण येतं असं वाटतं. दौऱ्यावर एकदा मोठ्या शहरात तुडुंब गर्दीत प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी अर्ध्या रिकाम्या मांडवात तोच प्रवेश करताना आवाज फुटत नाही. वाक्यं तीच, कपडे तेच. आणि विंगेत आल्यावर तुम्ही ठेकेदारावर डाफरता. मी डाफरलो आहे. त्यामुळे बासेलहून तो का परतला हे मला आतून कळतं. कळतं म्हणजे पटतं असं नाही.

अनघा : ही त्याची खरी बाजू झाली. वकील म्हणून मी हीच मांडली असती.

काका : मग आणखी एक मांड. त्यानं नाट्यगृहात कचरा येऊ दिला नाही. सरकार प्रचारी नाटकं मागत असताना त्यानं ग्योथे, शिलर, शेक्सपियर लावले. १९३७ मध्ये युर्गेन फेलिंगनं त्याच्याकडे 'तिसरा रिचर्ड' बसवला. वेर्नर क्राउसचा लंगडणारा, कारस्थानी रिचर्ड आणि त्याच्या मारेकऱ्यांचे गणवेश असे, की बघणाऱ्याला गोबेल्स आणि त्याची माणसं आठवावीत. अशा राज्यात असा रिचर्ड उभा करू देणारा प्रमुख भित्रा नव्हता, तू म्हणतेस ते बरोबर. पण विकला गेलेलाही नव्हता.

अनघा : प्रयोग धाडसी होता. पण परदेशी पाहुणे बर्लिनला यायचे तेव्हा त्यांना काय दाखवायचे? भिकार प्रचारी नाटक दाखवून काय उपयोग? उत्तम शेक्सपियर दाखवायचा. बघा, आमच्याकडे अजून संस्कृती आहे. ग्रुंडगेन्सला वाटत होतं, मी नाट्यगृहाचं बेट राखलंय. गोरिंगला ते बेटच हवं होतं. आणि बेटाला पाणी लागलंच की. १९४१ च्या 'ओम क्रुगर'मध्ये, त्या इंग्रजद्वेष्ट्या प्रचारपटात, जोसेफ चेंबरलेन कोणी केला? ग्रुंडगेन्सनं.

काका : नाही म्हणायची सोय होती का? आपल्याकडे 'सखाराम बाइंडर' अडवलं तेव्हा कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. मोठं धाडस, मी त्यांना मानतो. पण सारंगांना जायला कोर्ट होतं, बाजूनं आणि विरुद्ध लिहायला वर्तमानपत्रं होती. १९४१ च्या बर्लिनमध्ये? योआखिम गॉटशाल्कचं नाव ऐकलंयस?

अनघा : ऐकलंय.

काका : मग सांगू दे. लोकांचा आवडता चित्रपटनट. बायको मेटा ज्यू, मुलगा आठ वर्षांचा. गोबेल्स म्हणाला, घटस्फोट घे. हा म्हणाला, नाही. काम बंद. मग बायको आणि मुलगा यांना पाठवून देणार असं कळलं. ६ नोव्हेंबर १९४१ च्या रात्री तिघांनी घरात गॅस सोडला. 'ओम क्रुगर' ज्या वर्षी आला त्याच वर्षी. नाही म्हणणं म्हणजे हे.

अनघा : (थोड्या वेळानं) हो. पण गॉटशाल्ककडे बायको सोडण्याची मागणी होती. ग्रुंडगेन्सकडे भूमिका करण्याची. दोघांचा नकार एकाच मापाचा नव्हता, मग दोघांच्या होकाराला एकच माफी कशी? तुम्ही गॉटशाल्कचं मरण ग्रुंडगेन्सच्या बचावासाठी वापरू नका, काका. ते त्याचं आहे.

काका : बरोबर बोललीस. मागे घेतो.

क्लाउस मानबद्दल मात्र दोघांचं चटकन जमलं. कादंबरीत त्यानं ग्रुंडगेन्सची समलिंगी ओढ काढून टाकली आणि त्या जागी एका कृष्णवर्णीय नर्तकीशी विकृत संबंध घातला. शत्रूला त्या कलमाखाली अडकवायचं नव्हतं, हा त्यामागचा मोठेपणा असेल. पण त्या बाईचं चित्रण आज वाचवत नाही. शिवाय थॉमस मानच्या मुलाला परदेशात नावाचा आधार होता, तो ड्युसेलडॉर्फच्या या नटाला नव्हता, असं काका म्हणाले, आणि अनघानं मान हलवली. मग ती कोर्टाकडे वळली, आणि तिचा आवाज चढला.

अनघा : पण पुस्तक दाबलं हे अक्षम्य. पूर्व जर्मनीत १९५६ मध्ये निघालं. पश्चिमेत १९४९ मध्ये प्रकाशकानं अंग काढून घेतलं, कारण ग्रुंडगेन्स तेव्हा पुन्हा मोठा झाला होता. त्याच वर्षी मे महिन्यात क्लाउस मान कान शहरात झोपेच्या गोळ्या घेऊन वारला. पुढे ग्रुंडगेन्सही मॅनिलात झोपेच्या गोळ्यांनीच गेला, १९६३ मध्ये. त्यानंतर त्याच्या दत्तक मुलानं दावा लावून पुस्तकावर बंदी मिळवली. १९७१ मध्ये घटनापीठाचे न्यायाधीश तीन विरुद्ध तीन. बरोबरी झाली म्हणून बंदी तशीच राहिली. मेलेल्याची प्रतिष्ठा की जिवंत कादंबरी? शेवटी १९८१ मध्ये रोवोल्ट प्रकाशनानं सरळ छापली आणि कुणी कोर्टात गेलं नाही. इतकी वर्षं त्या माणसाची टाळी चालू राहिली आणि त्याच्याबद्दलचा प्रश्न मात्र बंद.

काका : टाळीचं काढलंस म्हणून सांगतो. मे १९४६. छावणीतून नुकता सुटलेला ग्रुंडगेन्स बर्लिनच्या डॉयचेस थिएटरमध्ये श्टेर्नहाइमच्या 'स्नॉब'मध्ये आला. प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. क्लाउस मान अमेरिकन सैन्याचा माणूस म्हणून जर्मनीत परतला होता, तो त्या प्रेक्षागृहात होता. त्याला काय वाटलं असेल? पण मला त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत जास्त रस आहे. सगळं शहर ढिगाऱ्याखाली. त्या माणसांनी बारा वर्षं काय केलं? गप्प बसले, झेंडे लावले, शेजारचं घर रिकामं झालं तेव्हा पडदे ओढले. आणि समोर एक माणूस उभा, ज्यानं तेच केलं, फक्त उत्तम उच्चारांत. त्याला माफ केलं की आपल्यालाही माफी. टाळी त्याला कुठे होती, ती स्वतःलाच होती.

अनघा : मग त्यानं ती घ्यायला नको होती.

काका : घेतली. कुठला नट घेणार नाही? ड्युसेलडॉर्फ, मग हॅम्बुर्ग, पुन्हा प्रमुख. १९५७ ला पुन्हा 'फाउस्ट', पुन्हा मेफिस्टो. १९५९ मध्ये मॉस्को-लेनिनग्राड, १९६१ मध्ये न्यू यॉर्क. आणि तू ज्या साबोच्या चित्रपटावर एवढी फिदा आहेस, तो साबोही यातलाच. २००६ मध्ये उघड झालं, १९५६ चा हंगेरीतला उठाव चिरडल्यावर, नाट्य-चित्रपट शिकत असताना, साबोनं स्वतःच्या वर्गमित्रांवर पोलिसांसाठी अहवाल लिहिले होते. विशीही नव्हती त्याची. मित्राला वाचवायला केलं असं तो म्हणाला.

अनघा : मला तो चित्रपट त्यानंतर जास्त कळला. शेवटी ऑलिंपिकच्या स्टेडियममध्ये प्रकाशझोतांनी आंधळा झालेला ह्योफगेन विचारतो, मी नुसता नट, माझ्याकडून यांना काय हवंय? ते साबोनं बाहेरून लिहिलेलं नाही.

काका : मग नाटकाकडे या. (माझ्याकडे वळून) पहिल्या अंकात प्रेक्षक त्याच्या प्रेमात पडला पाहिजे. हसला पाहिजे, टाळी दिली पाहिजे. मेफिस्टोचा प्रवेश पूर्ण ठेव, कापू नकोस. त्या टाळीचं ओझं घेऊन तो मध्यंतरात बाहेर जाऊ दे.

अनघा : आणि हान्स ऑटोला हुतात्मा करू नका. तोही नट होता, त्यालाही मुख्य भूमिका हवी असणार. दोघांना एका तालमीत भांडताना दाखवा, चांगल्या वाक्यासाठी. आणि ज्यू नटांची नावं फलकावरून उतरताना दाखवा, रोज एक, कुणी काही न बोलता.

मी : मध्यंतर कुठे?

काका : बासेलच्या खोलीत. परतायचं ठरतं तिथे.

अनघा : का परतायचं ठरतं? मी म्हणते भूमिकांसाठी. तुम्ही म्हणाल भीतीनं.

काका : आता तसं नाही म्हणत. फोन येतो. पलीकडून जिवाची हमी. हे आपलं नाटक, इतिहासात फोन होता की आणखी काही, ते सोड. हमी ऐकून तो खुर्चीत बसतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो पुढच्या मोसमाचा. कोणतं नाटक, कोण बसवणार.

अनघा : आणि त्याच मोसमात त्सीगलला काम आहे का, हेही विचारतो. कारण काम गेलं तर मिरियमबाई वाचत नाहीत, हे त्याला ठाऊक आहे.

काका : विचारतो. मधे श्वास न घेता. दोन्ही प्रश्न एकाच आवाजात म्हणायचे, नटाला सांगून ठेव. दुसऱ्या प्रश्नावर आवाज ओला केलास तर तुझं नाटक गेलं.